कोरेगाव पार्कातला जॅझ: भिंतीला टेकून बसू नका

कॅफेची मागची खोली जेमतेम 14 फूट रुंद, लांबीला बरी, खुर्च्या चाळीसेक. वादक चार: टेनर सॅक्सोफोन, पियानो, डबल बेस, ड्रम. तिकीट 600 रुपये, खाणंपिणं वेगळं. चारचाकी नेण्याच्या भानगडीत पडू नका.

वादक तयारीचे आहेत, घात करते ती खोली. डबल बेसची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण 41 हर्ट्झचा खर्ज निघतो आणि त्याची अर्धी तरंगलांबी भरते 14 फुटांच्या आसपास. त्यामुळे तेवढा एकच सूर दोन्ही बाजूंच्या भिंतींपाशी घुमतो आणि ऐन मधल्या खुर्च्यांवर जवळजवळ गायब होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, बेसवाल्याचा हातच एकसारखा पडत नाही. बिचाऱ्याचा काही दोष नाही! त्यात बेसचा अ‍ॅम्प, म्हणजे आवाज वाढवणारा स्पीकरचा खोका, कोपऱ्यात, थेट फरशीवर. कोपरा खर्जाला आणखी फुगवतो. दोन-तीन फूट पुढे ओढून स्टुलावर ठेवला तरी पुष्कळ फरक पडेल. तोवर दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, भिंतीपासून साडेतीन-चार फुटांवरची खुर्ची धरा.

एवढ्याशा खोलीत टेनर सॅक्सोफोनला माइक कशाला, हे कळत नाही. पहिल्या भागात त्यामुळे पियानो पार दबला. मध्यंतरानंतर माइक बंद झाला आणि पियानोवाल्याचा डावा हात पहिल्यांदा नीट ऐकू आला.

संथ रचनेत ड्रमवाल्याने काठ्या ठेवून तारांचे ब्रश घेतले. डावा हात स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या चपट्या ड्रमच्या, खरखरीत पुडीवर गोल फिरत राहतो, उजवा वरून हलके ठोके टाकतो. रवा चाळल्यासारखा आवाज येतो. नेमका तेव्हाच काउंटरवर मिल्कशेकचा मिक्सर सुरू! वादन चालू असताना मिक्सर बंद ठेवणं काही अवघड नाही.

ब्लूज हा जॅझमधला नेहमीचा रचनाप्रकार बहुधा 12 बारचा; एक बार चार मात्रांचा, म्हणजे 48 मात्रांचं आवर्तन. ख्याल ऐकणाऱ्या पुणेकरांना सम चटकन सापडते, फसतात ते टाळीत. हाय-हॅट, म्हणजे ड्रमवाल्याची पायाने मिटणारी झांजांची जोडी, प्रत्येक बारच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो. टाळी पहिल्या-तिसऱ्यावर दिली की ठेका लंगडा वाटतो. शेवटाकडे सॅक्सोफोन आणि ड्रम चार-चार बार वाटून घेतात. प्रत्येकाच्या वाट्याला 16 मात्रा, म्हणजे तीनतालाचं अख्खं आवर्तन, आणि रंगतही सवाल-जवाबाचीच. ड्रमच्या पाळीत बाकीचे हात थांबवतात, मोजणी मात्र मनात चालूच असते. तिथे मध्येच टाळ्या वाजवल्या की सम सुटते. एकेकाचं एकल वादन संपलं की रचना चालू असतानाही दाद द्यायची रीत आहे, ती जरूर द्या. बेसच्या पाळीत तेवढं कुजबुजू नका, त्याचा आवाज आधीच लहान.

जेवणाची ऑर्डर पहिल्या सुराआधी द्या. नंतर दिलेला पास्ता मध्यंतरात येतो, तोही गार.