डेव्हडॉक्स : पावसाळाभर वर्गात वापरल्यानंतर

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका लहान वर्गात मी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवतो. जूनपासून आमच्या प्रत्येक संगणकावर डेव्हडॉक्स हे मोफत संकेतस्थळ रोज उघडले जाते. 2013 साली सुरू झालेला हा मुक्तस्रोत (ज्याचा कोड कोणालाही पाहता-वापरता येतो असा) प्रकल्प 2018 पासून फ्रीकोडकॅम्प ही मोफत प्रोग्रामिंग शिकवणारी संस्था सांभाळते. निरनिराळ्या प्रोग्रामिंग भाषांचे अधिकृत डॉक्युमेंटेशन, म्हणजे त्यांतील सोयी कशा वापराव्यात याची माहिती, येथे एकाच मांडणीत, डावीकडे नावांची यादी आणि उजवीकडे मजकूर अशा रीतीने वाचता येते.

शोध हे त्याचे खरे बळ आहे. आधी ‘पायथन’ लिहून टॅबची कळ दाबली की शोध त्या भाषेपुरता मर्यादित होतो, आणि पुढे ‘डेफडिक्ट’ एवढीच अक्षरे लिहिली तरी ‘डिफॉल्टडिक्ट’ या पायथनमधील सोयीचे पान समोर येते. प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र ठेवलेली असल्याचा लाभ मला विशेष मोलाचा वाटतो. आमच्या जुन्या संगणकांवर पायथन 3.8 आहे, नव्या आवृत्तीचे पान वाचून ‘रिमूव्हप्रिफिक्स’ (मजकुराच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढून टाकणारी सोय) वापरणाऱ्या विद्यार्थ्याला चूक आपलीच वाटत असे, वास्तविक ती सोय 3.9 मध्ये आली. आता तो 3.8 चेच डॉक्युमेंटेशन निवडतो आणि जे आपल्याकडे चालते तेवढेच वाचतो.

हवे ते डॉक्युमेंटेशन ब्राउझरमध्येच उतरवून ठेवता येते. जुलैत संततधार लागून इंटरनेट दिवसभर बंद पडले, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर आमचा तास सुरळीत पार पडला. मात्र ब्राउझरमधील साठवण कोणी पुसली, तर सारे पुन्हा उतरवावे लागते.

याहून मोठी उणीव अशी की, शोध नोंदींच्या नावांतच होतो, आतल्या मजकुरात होत नाही. ज्याला नाव ठाऊक आहे त्याला उत्तर क्षणात मिळते. पण ‘मजकुराचा आकडा कसा करावा’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य लिहिणाऱ्या नवशिक्याच्या हाती काहीच लागत नाही, आणि नेमकी त्यालाच मदतीची सर्वांत अधिक गरज असते. मजकूरही इंग्रजीतच असल्याने मराठी माध्यमातून आलेल्या मुलांसाठी ही भिंत दुहेरी होते. म्हणून आम्ही वर्गात एक तक्ता लावला आहे : डावीकडे मराठीत क्रिया, उजवीकडे पायथनमधील नाव. मजकुराचा आकडा करायचा असला की विद्यार्थी आधी तक्त्यात त्यासाठीचे ‘इंट’ हे नाव शोधतात आणि मग डेव्हडॉक्स उघडतात.