मेक शेअर्ड: काही महिन्यांच्या वापरानंतर. वीक पॉइंटर असेल तर सांभाळून

सी++मध्ये शेअर्ड पॉइंटर (एका ऑब्जेक्टचे अनेक मालक मोजणारा पॉइंटर) बनवायला मेक शेअर्ड हे फंक्शन वापरा, असं सगळेच सांगतात. कारण ठाऊक असेलच: शेअर्ड पॉइंटरला थेट न्यूने बनवलेला ऑब्जेक्ट दिला की हीपवर (प्रोग्रॅम चालताना मागून घेतलेल्या मेमरीत) दोन वाटपं होतात, ऑब्जेक्टचं आणि मालकांची मोजणी ठेवणाऱ्या कंट्रोल ब्लॉकचं. मेक शेअर्ड दोन्ही एकाच तुकड्यात बसवतं. 64-बिट लिनक्सवर जीसीसीच्या लायब्ररीत त्या ब्लॉकला जेमतेम 16 बाइट लागतात. छोटे ऑब्जेक्ट लाखभर असले की ही बचत खरंच जाणवते.

घोळ याच बचतीत आहे. शेवटचा शेअर्ड पॉइंटर गेला की डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्टची आवराआवर करणारं फंक्शन) लगेच चालतो, पण वीक पॉइंटर (मालकी न घेता नुसता लक्ष ठेवणारा) उरला असेल तर तुकडा सुटत नाही. मोजणीचे आकडे त्याच तुकड्यात, आणि वीक पॉइंटरला ते लागतात. चित्रांची कॅशे घ्या: मॅपमध्ये वीक पॉइंटर, क्लासच्या आत 4 एमबीचा पिक्सेल ॲरे. लॉगमध्ये डिस्ट्रक्टरची ओळ छापून येते आणि रॅम मात्र जागची हलत नाही. लीक सॅनिटायझर हे गळती शोधणारं साधनही गप्प, कारण तुकड्याचा पत्ता कुणाच्या तरी हातात आहेच. म्हणजे नियमाने गळती नाही, पण मेमरी भरत चालली. डोकं फिरतं ते इथे.

तपासताना आधी मॅलॉक ट्रिम या फंक्शनला 0 देऊन बघा; सोडलेली मेमरी मॅलॉक (मेमरी वाटणारा) स्वतःकडेही धरून ठेवतो, ती याने सिस्टिमला परत जाते. तरी आकडा उतरला नाही तर मॅपमधल्या मेलेल्या नोंदी मोजा. वीक पॉइंटरचं एक्स्पायर्ड फंक्शन ज्यांच्यासाठी 'ट्रू' देईल त्या सगळ्या काढायच्या; सी++20 असेल तर इरेज इफ फंक्शनने एका ओळीत.

एकच तारा द्यावा असं वाटत होतं. पण ॲरेच्या जागी व्हेक्टर (डेटा वेगळ्या वाटपात ठेवणारा) टाकला की डिस्ट्रक्टरच पिक्सेलची मेमरी परत करतो आणि मागे उरतं ते मोजक्या बाइटांचं टरफल. दोन तारे वाढवले. (व्हेक्टरमुळे दुसरं वाटप परत आलंच! मोठ्या डेटाला ती काटकसर मुळात लागूच नव्हती.)

ॲरेच ठेवायचा आणि क्लासला स्वतःचा कन्स्ट्रक्टर नसेल, तर साधं मेक शेअर्ड आधी सगळे 4 एमबी शून्याने भरतं. लगेच फाइलमधून वाचायचं असेल तर ती मेहनत फुकट. सी++20चं 'फॉर ओव्हरराइट' रूप घ्या.

स्वतःचा डिलीटर (ऑब्जेक्ट सोडून देणारं फंक्शन) मेक शेअर्डला देता येत नाही, खासगी कन्स्ट्रक्टर चालत नाही. मालक एकच असेल तिथे 8 बाइटांचा युनिक पॉइंटर पुरतो. पुढे गरज पडली तर तो शेअर्डमध्ये हलवता येतो; तेव्हा कंट्रोल ब्लॉक वेगळा बनतो आणि वीक पॉइंटर ऑब्जेक्टची जागा अडवत नाही.