केनियाचा ईटीए: काम सोपं, पण साइट नीट बघून घ्या

जुलैअखेर आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई, मसाई माराला जाऊन आलो. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसा लागत नाही, त्याऐवजी ईटीए घ्यावा लागतो. म्हणजे निघण्याआधीच ऑनलाइन काढायची परवानगी. हे मुद्दाम लिहितेय, कारण आमचे पैसे भलतीकडेच जाणार होते.

शोधल्यावर सगळ्यात वर जी साइट आली ती अगदी सरकारी वाटावी अशी. झेंडा काय, शिक्का काय! नवऱ्याने सगळी माहिती भरली, कार्ड हातात घेतलं आणि माझी नजर रकमेवर गेली. माणशी ९० डॉलर! सरकारी शुल्क ३० डॉलर आहे. ती साइट एजंटची निघाली, पार तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं होतं. खरा पत्ता ‘ईटीएकेनिया डॉट गो डॉट केई’. शेवटचं ‘गो डॉट केई’ दिसल्याशिवाय कार्ड बाहेर काढू नका, कळकळीने सांगते.

खऱ्या साइटवरचा फॉर्म मला मनापासून आवडला. प्रश्न सरळ आहेत. पासपोर्ट, फोटो, जाण्यायेण्याची तिकिटं आणि हॉटेलचं बुकिंग आधीच मोबाइलमध्ये एकत्र करून ठेवलं, तर फार वेळ लागत नाही. अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा, तान्ह्या बाळाचासुद्धा.

आमचं अडलं ते सासूबाईंच्या पासपोर्टच्या फोटोपाशी. मी तो रात्री ट्यूबलाइटखाली काढला होता. पानावर उजेडाचा पांढरा पट्टा उमटला आणि तळाच्या बाणांच्या खुणांवाल्या दोन ओळी नेमक्या त्यातच गेल्या. सकाळी खिडकीशी टेबल ओढलं, पासपोर्ट सपाट धरला, फ्लॅश बंद केला आणि चारही कोपरे दिसतील असा फोटो घेतला. मग अक्षर न् अक्षर वाचता आलं. नावाचंही तसंच. त्यांच्या पासपोर्टवर नावापुढे सासऱ्यांचं नाव आहे, तिकिटावर ते राहून गेलं होतं. आधी तिकीट दुरुस्त करून घेतलं, मग अर्जात पासपोर्टबरहुकूम नाव घातलं.

उत्तराला तीन दिवस धरून चाला. आमच्या दोघांचे ईटीए दुसऱ्या दिवशी आले, सासूबाईंचा तिसऱ्या दिवशी दुपारी. तोवर दर तासाला “आलं का गं?” चालू होतं.

आणखी एक, ईटीए मिळाला म्हणजे सगळं झालं असं समजू नका. केनियाहून भारतात परतताना यलो फीवरच्या लसीचा दाखला लागतो. लस निदान १० दिवस आधी घेतलेली हवी आणि ती ठरावीक केंद्रांवरच मिळते, म्हणून वेळ आधी घेऊन ठेवा. साठीपुढच्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये. आम्ही सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी हो म्हटल्यावरच पुढची तयारी केली.

ईटीएची प्रिंट जवळ असू द्या. आम्हाला तो पहिल्यांदा मागितला इथेच, विमान कंपनीच्या काउंटरवर. माझा मोबाइल तेव्हा बॅगेच्या तळाशी होता. सासूबाईंनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून पुढे केला, आणि आमचेही दोन त्यांच्याकडेच होते.