ओल धरलेल्या भिंतीला सिमेंट की चुना?

सोलापुरात भिंतीला ओल आहे म्हटलं की बाहेरगावच्या पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. पाऊस बेताचा, एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर. पण आपल्याकडची ओल बऱ्याचदा आभाळातून येत नाही. नळाला पाणी काही दिवसांआड, म्हणून घरोघरी जमिनीखाली टाकी, आणि ती नेमकी जोत्याला खेटून. बाळीवेशीजवळच्या आमच्या जुन्या घरात हेच होतं.

म्हणून गिलाव्याचं ठरवायच्या आधी ओल कुठली ते बघा. हातभर प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला पाणी जमलं तर ओल भिंतीतली, खोलीकडच्या अंगाला जमलं तर कोंदट हवेची. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत सलग पट्टा आणि त्याच्या वरच्या कडेला पांढरा खार असेल, तर पाणी खालून चढतंय. मग रात्री टाकी भरा, सगळे नळ बंद करा, पातळीला कोळशाची रेघ मारा. आमचं पाणी सकाळपर्यंत दोन बोटं उतरलं होतं. टाकी आधी दुरुस्त केली, कारण ती गळत असताना वर काहीही लावा, पैसे वायाच.

पहिल्या खोलीत मी सिमेंट केलं. जुना गिलावा चार फुटांपर्यंत खरवडून वॉटरप्रूफिंगची पावडर घातलेलं प्लास्टर, वर पुट्टी आणि रंग. चार दिवसांत काम झालं. कुठलाही गवंडी करतो, खर्च कमी, भिंत आरशासारखी गुळगुळीत. हे सगळं सिमेंटच्या बाजूने मोकळेपणाने सांगायला हवं.

पण पुढच्या वर्षी बरोबर चार फुटांच्या वर, जिथे सिमेंट संपत होतं तिथे, नवी ओली रेघ उमटली. दोन फूट जाडीची दगड-मातीची भिंत, टाकीची गळती बंद झाली तरी पोटात वर्षानुवर्षांचं पाणी. इंचाला महिना असा वाळण्याचा ढोबळ हिशोब धरतात. सिमेंटने त्या पाण्याची बाहेर पडायची वाट बुजवली, म्हणून ते वर सरकलं आणि थेट लाइटच्या बोर्डापर्यंत पोचलं. खाली पेटीवर चादरींची चळत असते. रोज सकाळी वरच्या चादरीवर पांढरा भुगा आणि नखाएवढे पोपडे. आई रोज ती चादर अंगणात नेऊन झटकायची. वर्षभर हे बघितलं आणि तिथेच माझं मन सिमेंटवरून उतरलं.

दुसऱ्या खोलीला चुना केला. पंधरा दिवस भिजवलेला चुना, वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी. हे काम जमणारा गवंडी शोधायलाच महिना गेला. दोन थरांमध्ये थांबावं लागतं, ओली गोणपाटं लावून ठेवावी लागतात. वर पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही, फक्त चुन्याची सफेदी. नाहीतर सगळी मेहनत फुकट. टेकून बसलं की खांद्याला पांढरं लागतं, खिळाही तितका घट्ट बसत नाही. खार अजूनही येतो, पण बारीक पिठासारखा. वर्षातून दोनदा कोरड्या ब्रशने झाडतो. ओल्या फडक्याने पुसू नका, खार विरघळून परत भिंतीत जातो. चार वर्षं झाली, ओल वर चढलेली नाही आणि खोलीतला कुबट वास गेला. मोजमाप माझ्याकडे नाही, नाक आणि हात एवढंच.

भिंतीला भोकं पाडून केमिकल भरण्याचाही सल्ला मिळाला होता. विटांच्या भिंतीत ते उपयोगी पडत असेल; दगड-मातीच्या भिंतीतल्या पोकळीत ते कुठे जाईल याचा भरवसा वाटला नाही, म्हणून सोडून दिलं.

तुमचं घर विटांचं, स्लॅबचं असेल आणि ओल बाथरूमच्या पाइपची असेल, तर पाइप बदलून, भिंत वाळू देऊन खुशाल सिमेंट करा. जुनी दगडी भिंत असेल तर मी चुन्याकडेच झुकेन. फक्त भर उन्हाळ्यात गिलावा नको, चुना झपाट्याने वाळून तडकतो. मार्चमध्ये जुना गिलावा काढा, भिंत उन्हाळाभर उघडी ठेवा आणि गवंड्याला दिवाळीनंतर बोलवा.