वॉशिंग मशीनचं पाणी जाईना: कंपनीचा माणूस, गावातला मेकॅनिक की आपलेच हात?

मशीन पाणी घेतंय, कपडे फिरवतंय, पण पाणी सोडायची वेळ आली की नुसतं गुरगुरतंय नाहीतर गप उभं राहतंय. हा प्रॉब्लेम आला की करायच्या गोष्टी तीनच, कंपनीला फोन लावायचा, गावातल्या मेकॅनिकला बोलवायचं, नाहीतर आपणच बाह्या वर करून मशीनपुढं बसायचं. मी लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला राहतो, आमच्याकडं फ्रंट लोड आहे, आईकडं अजून सेमी म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक आहे आणि ताईकडं टॉप लोड, त्यामुळं तिन्ही प्रकार बघून झालेत. अमुकच करा असं सरसकट सांगता येणार नाही, कारण प्रत्येकाचं मशीन वेगळं आणि घरातलं पाण्याचं गणितही वेगळं, पण कशावरून ठरवावं तेवढं सांगतो.

आधी कंपनीचं. मशीन वॉरंटीत असेल तर जास्त डोकं लावू नका, सरळ फोन करा, कारण बाहेरच्या माणसानं मागचं कव्हर खोललं आणि नंतर मोठं काही निघालं तर उगं वाद होतो. फिल्टर उघडणं मात्र ह्यात येत नाही, ते तर मॅन्युअलमध्येच घरी करायचं काम म्हणून दिलेलं असतं. आणि एक, मशीनवर मोटरला १० वर्षं वॉरंटी असा स्टिकर असतो ना, ती बहुतेक वेळा ड्रम फिरवणाऱ्या मोटरची असते. पाणी बाहेर फेकणारा ड्रेन पंप वेगळा, तो त्यात धरत नाहीत, साध्या वॉरंटीत येतो. हे माहीत नसलं की माणूस निवांत फोन करतो आणि व्हिजिट चार्ज ऐकून मग चिडतो. बाकी कंपनीच्या माणसाचं चांगलं ते चांगलंच म्हणायला पाहिजे, पार्ट ओरिजिनल, बिल पक्कं, बदललेल्या पार्टवर पुन्हा काही महिने गॅरंटी, आणि मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड म्हणजे पीसीबी गेला असेल तर त्याच्याशिवाय दुसरीकडं जाऊ नये असं माझं मत आहे.

पण तालुक्याच्या गावाला तो माणूस लातूरहून येणार नाहीतर नांदेडहून. ह्या भागातल्या तीन-चार तक्रारी जमल्या की मग त्याची फेरी. तोवर फ्रंट लोडमधी पाणी अडकलेलं, आत पाणी आहे म्हणून दार लॉक, आणि कपडे आत आंबायलेत, लेकरांचे शाळेचे ड्रेस पण त्यातच. हे सुद्धा मी सोसलं असतं.

मला जे खटकलं ते वेगळंच आहे. आमच्याकडं आलेल्या माणसानं आधी आत साठलेलं सगळं पाणी मोरीत सोडून दिलं, घरातून बकेट आणेपर्यंत सुद्धा थांबला नाही. मग पंप साफ केला, आणि पाणी नीट जातंय का बघायला मशीन पुन्हा भरून घेतलं, रिकामं केलं, परत खात्रीसाठी अजून एकदा भरलं, परत सोडलं. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ आठ-आठ दिवसाला येतो, मधल्या दिवसांत बोअर चाललं तर चाललं नाहीतर टँकर. टॉप लोडचं टब वरपर्यंत भरायला तीन-चार बकेटा सहज जातात, फ्रंट लोडला त्याहून कमी लागतं पण लागतंच. त्या माणसाचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, त्याला तसंच शिकवलेलं असणार, जिथं चोवीस तास पाणी आहे तिथं हे कुणाच्या लक्षात पण येत नसेल. पण ज्या भागानं २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणी बघितलंय, पहिल्या गाडीला पाण्याचे १० डबे आणि एकेकात ५० हजार लिटर, त्या भागातल्या बाईच्या डोळ्यादेखत चांगलं फरशी पुसायचं, संडासला टाकायचं पाणी असं मोरीत गेलं की तिला किती लागतं ते तिलाच विचारा. माझ्या बायकोनं त्या दिवशी सांगितलं की पुढच्या टायमाला आधी आपणच उघडून बघू. माझा निर्णय तिथंच झाला, पैशाचा विषय नंतरचा.

गावातला मेकॅनिक ह्या बाबतीत आपला माणूस आहे. त्याच्या घरीही नळ तेवढ्याच दिवसांनी येतो, त्यामुळं तो आला की पहिल्यांदा परात मागतो आणि बकेटा मागतो. संध्याकाळी फोन केला तर सकाळी हजर, बऱ्याच वेळा त्याच दिवशी. शिवाय बोअरच्या जड पाण्यानं काय होतं ते त्याला सांगावं लागत नाही, पंपाच्या आतला पांढरा थर बघितला की तो लिंबूसत टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवायला सांगतो आणि ते बरोबरच आहे, कॅल्शियमचा थर आंबटानं सुटतो. पैसे कंपनीपेक्षा कमी. मात्र त्याच्याकडचा पंप ओरिजिनल असेलच असं नाही, चालतो, पण किती दिवस ते पंपाच्या नशिबावर. बिल नसतं. आणि मशीन दुकानात नेतो म्हणाला तर जरा विचार करा, एकदा दुकानात गेलेलं मशीन लवकर परत येत नाही असा आमच्या गल्लीतला सगळ्यांचा अनुभव आहे. होईल तेवढं काम घरीच, आपल्यासमोर करून घ्या.

आता आपल्या हातांचं. इथं जरा थांबून सांगतो कारण पाणी न जाण्याची निम्म्याहून जास्त कारणं स्क्रू न खोलता सापडतात असं मला तरी दिसलंय. प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. गरम पाण्यावर लावलेलं असेल तर पाणी थंड होऊ द्या. मग पहिल्यांदा मागचा पाइप बघा, मशीन भिंतीला सरकवताना तो दुमडतो, किंवा मोरीच्या पाइपात लई खोल घातलेला असतो, किंवा मोरीची जाळीच तुंबलेली असते आणि शिव्या मशीन खातं.

फ्रंट लोडला खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्यामागं गोल फिल्टर, आणि बऱ्याच मॉडेलमधी शेजारी बोटाएवढी बारीक नळी असते. ती नळी आधी ओढून तिचं बूच काढायचं आणि पाणी परातीत घ्यायचं, कारण जागा इतकी बुटकी असते की बकेट बसतच नाही. परात भरली की बूच लावायचं, बकेटीत ओतायचं, परत. वेळ जातो पण थेंब वाया जात नाही. नळी नसेल तर फिल्टर डावीकडं थोडा थोडा सैल करत त्याच परातीत घ्या, एकदम काढला तर सगळी खोली ओली. फिल्टर बाहेर आला की जे निघतं ते घरागणिक वेगळं, आमच्याकडं साडीपिना, डोक्याचे आकडे, एक रुपया आणि भावाच्या खिशातले सोयाबीनचे दाणे, ते तर पाण्यात फुगून असे अडकलेले की पकडीनं काढावे लागले. आत टॉर्च मारा, पंपाचं छोटं पंखं दिसतं, ते बोटानं फिरवून बघा. ते थोडं थोडं अडत, झटके देत फिरतं, आत चुंबक असतो म्हणून तसं होतं, तो बिघाड नाही. अजिबात फिरत नसेल तर धागा गुंडाळलेला असतो, आणि कसलाच अडथळा न लागता गरागरा फिरत असेल तर पंखं तुटून सुटलंय असं समजा, पंप बदलावा लागणार. डिस्प्लेवर एलजीला ओई, सॅमसंगला ५सी किंवा ५ई, बॉशला ई१८ दिसलं तर ते पाणी जात नसल्याचंच सांगतंय, घाबरून जायचं कारण नाही.

आणि हातानं धुवायची पावडर फ्रंट लोडला घालत असाल तर ती आधी बंद करा. लई फेस झाला की पंप नुसता फेस घोळवत बसतो, पाणी पुढं ढकलत नाही, आणि माणूस पंप गेला म्हणून नवीन आणतो.

टॉप लोडचं गणित वेगळं. आपल्याकडच्या बऱ्याच टॉप लोडला पंपच नसतो, खाली रबरी व्हॉल्व्ह असतो, एक छोटी मोटर त्याला ओढते आणि पाणी उताराच्या जोरावर जातं. ताईच्या मशीनचं हेच झालं होतं, पाणी वाचवायचं म्हणून तिनं पाइप उचलून टिपाडात सोडलेला, टिपाड कमरेएवढं उंच, मग पाणी चढणार कसं. तिचा हेतू चांगलाच होता आणि तो सोडायची गरज पण नव्हती, मशीनखाली दीड फुटाचा पक्का सिमेंटचा ओटा करून घेतला आणि टिपाडाच्या जागी बुटका टब ठेवला, आता सगळं पाणी जमा होतं. लोखंडी स्टँड घेणार असाल तर मजबूत घ्या, स्पिनच्या वेळी मशीन हलतं. पाइप खालीच असून पाणी जात नसेल तर मात्र व्हॉल्व्हमधी चिंधी अडकलीय की व्हॉल्व्ह ओढणारी मोटर गेलीय हे बघायला मशीन मागून किंवा खालून उघडावं लागतं, त्याला मेकॅनिक बरा. मशीन एकट्यानं आडवं करू नका.

सेमीचं सगळ्यात सोपं. नॉब ड्रेनवर नेला की एक पट्टी व्हॉल्व्ह वर उचलते, ती पट्टी सैल होते किंवा तुटते, नाहीतर व्हॉल्व्हच्या रबरात धागे बसतात. आईच्या मशीनमधी वाकळा धुतल्या की हे ठरलेलंच. प्लग काढून मागचं कव्हर काढलं की पट्टी समोर दिसते, रबर स्वस्तात मिळतं, फक्त मोटरच्या कपॅसिटरला हात लावू नका, प्लग काढल्यावर पण त्यात करंट राहू शकतो.

आता परत माझ्या मुद्द्यावर. काम झालं की टेस्ट करायला मी मशीन भरत नाही. त्याच परातीतून जमवलेल्या पाण्यातलं अर्धी बकेट पाणी फडक्यानं गाळून ड्रममधी ओततो, दार लावतो, नुसतं ड्रेन नाहीतर स्पिनचा प्रोग्राम लावतो आणि पाइपाचं तोंड बकेटीत धरतो. गेलं तर गेलं, पाणी परत आपल्याच बकेटीत, फिल्टरजवळ फडकं लावून ठिबकतंय का तेवढं बघायचं. कंपनीच्या माणसाला पण हे सांगून बघा, काही जण ऐकतात.

आपल्या हातांची हद्द कुठं संपते तर फिल्टर साफ, पाइप मोकळा, पंखं फिरतंय, तरी ड्रेनला लावल्यावर आवाजच येत नाही, तिथं. तुमच्याकडं मल्टिमीटर असेल आणि वापरता येत असेल तर प्लग काढून पंपाच्या दोन पिनांवर रेझिस्टन्स बघा, साधारण १०० ते २०० ओमच्या दरम्यान आला तर पंपाची कॉइल चांगली आहे आणि भानगड वायरमधी किंवा बोर्डात, काहीच आलं नाही तर पंप जळाला. जळाला असेल तर गावातला मेकॅनिक, फक्त पंपावरच्या स्टिकरचा फोटो काढून त्याला आधी पाठवा म्हणजे एका फेरीत काम होतं. बोर्ड असेल तर कंपनी, मग थांबावं लागलं तरी थांबा. घरात म्हातारी माणसंच असतील, खाली बसणं होत नसेल, तर अर्थातच मेकॅनिकला बोलवा, त्यात काही कमीपणा नाही, फक्त परात आणि बकेटा तो यायच्या आधी काढून ठेवा.

आणि वेळ निवडता येत असेल तर पितृपक्षातच फिल्टर उघडून घ्या. घटस्थापनेच्या आधी आपल्याकडं घरोघर दसऱ्याचं धुणं निघतं, वाकळा, सतरंज्या, पडदे सगळं एकदम, त्या आठवड्यात मशीनी तुंबतात पण जास्त आणि मेकॅनिक फोन पण उचलत नाही. वाकळ आधी अंगणात चांगली झटकून, सुटलेले दोरे कापून मगच मशीनमधी टाका, एका वेळेला एकच.