डॅनियल बूनच्या सहीचा 'अस्सल' कागद: ३,०८९ डॉलरला बसलेला फटका

जुने अमेरिकन कागद, नकाशे, पत्रं जमवणाऱ्यांनी हे वाचाच. माझे ३,०८९ डॉलर गेले: कागदाचे २,८५०, 'अस्सलपणाच्या दाखल्या'चे १७५, कुरियर आणि विम्याचे ६४. दाखला देणारा आणि विकणारा एकच माणूस, हे मागाहून कळलं.

विक्रीच्या एका वेबसाइटवर दिसलेला हा कागद कसला, तर केंटकीतल्या ४०० एकरांच्या जमिनीच्या मोजणीचा. साल १७८४, खाली डॅनियल बूनची सही; हा बून म्हणजे केंटकीची वाट पाडणारा अठराव्या शतकातला नावाजलेला शिकारी-वाटाड्या. आम्ही टेनेसीत राहतो, कंबरलँड गॅप ही डोंगरातली खिंड जवळच. भारतातून कोणी आलं की त्यांना वर नेऊन खिंड दाखवायची, १७७५ च्या मार्चमध्ये बून तीसेक कुऱ्हाडवाले घेऊन झाडी तोडत केंटकी नदीपर्यंत कसा गेला, मग त्याच वाटेनं बायकापोरं, गुरं, ओझ्याची घोडी घेऊन दोन-तीन लाख माणसं कशी डोंगरापार गेली, हे सगळं सांगायचं. इतक्यांदा सांगितलंय की बायको हल्ली गाडीतच बसून राहते. तेव्हा मी काही अडाणी गिऱ्हाईक नव्हतो.

भामट्यानं तेच हेरलं. किमतीआधी गोष्टी सांगितल्या, आणि चीड याची की त्या खऱ्या होत्या. हेंडरसन नावाच्या जमीन-व्यापाऱ्याच्या ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीनं तिथल्या मूळ रहिवासी चेरोकींकडून सुमारे दोन कोटी एकर घेऊन विकायला काढले आणि १७७८ मध्ये व्हर्जिनियानं तो व्यवहारच रद्द केला. चतुःसीमा झाडं-ओढ्यांच्या खुणांवर, त्यामुळे एकाच जमिनीवर दोघातिघांचे दावे आणि वर्षानुवर्षं कोर्टकज्जे. बून स्वतः मोजणीदार, तरी कच्च्या कागदांपायी त्याच्याही जमिनी गेल्या आणि १७९९ मध्ये तो मिसूरीला निघून गेला. "म्हणून तर त्याच्या सहीचा कागद दुर्मीळ!" पुढचं तुम्हाला माहीत आहे: दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, साइटबाहेर पैसे पाठवलेत तर २०० कमी.

आता माझ्या नजरेतून सुटलेली ती ओळ. फोटोत, अगदी वर, ठळक अक्षरांत: 'केंटकी राज्य'. १७८४ साली! केंटकी राज्य झालं १ जून १७९२ ला, तोवर तो व्हर्जिनियाचा भाग. ही तारीख मी पाहुण्यांना तोंडपाठ ऐकवतो. पण माझं सगळं लक्ष सहीवर. आणि सहीबद्दल मी विचारलंही होतं, की बून इंग्रजीत नावाच्या शेवटी 'ई' (Boone) लिहायचा, इथे ते का नाही? 'बूनने अस्वल मारलं' असं कोरलेली जी झाडं दाखवतात, त्यांवर शंका घेतात ती याच 'ई'वरून. उत्तर आलं, "फारसा शिकलेला नव्हता, कधी लिहायचा, कधी नाही." त्या काळची स्पेलिंगं पाहिलेल्या कुणालाही हे पटलं असतं. आणि मथळा वाचतो कोण? सातबारा घेताना 'महाराष्ट्र शासन' ही ओळ तुम्ही तपासता? बायको म्हणाली होती, "अहो, आधी कुणाला तरी दाखवा." दाखवणार काय, कागद त्याच्याकडे! निदान तो उजेडात धरून काढलेला फोटो मागा. त्या काळच्या हातकागदात बहुधा साच्याच्या तारांच्या रेषा दिसतात. माझ्या कागदात नुसता, जुना दिसावा म्हणून दिलेला चहाचा रंग.

पोलिस म्हणाले, हा दिवाणी वाद आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. साइट म्हणाली, व्यवहार बाहेर झाला. गिऱ्हाईक तुमच्याच दारात गाठलं ना त्यानं? केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलनं एक क्रमांक दिला, पण त्याचं पुढे काय झालं हे विचारायचं कुठे, ते कुणी सांगत नाही. विकणाऱ्याच्या गावचे शेरीफ म्हणतात, तुमच्या गावी तक्रार करा. इथले म्हणतात, तो राहतो तिथे करा. एका महाशयांनी विचारलं, "बून म्हणजे टीव्हीवरचा तो?" कर भरायला एक दिवस उशीर झाला तर मी कोण, कुठला, हे यांना बरोबर सापडतं!

केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट, तिथल्या राज्याच्या भूमी कार्यालयात व्हर्जिनियाच्या काळातल्या जमिनींच्या नोंदी आहेत, इंटरनेटवर फुकट शोधता येतात. कागदावरचं नाव आधी तिथे घाला. तज्ज्ञ तुम्ही निवडायचा, विकणाऱ्यानं नाही. आणि साइटबाहेर एक डॉलरही नको, कितीही सूट देवो.

तोच माणूस आता नव्या नावानं ट्रान्सिल्व्हेनिया कंपनीचा १७७५ चा करार विकतोय, ३,४०० डॉलरला. फोटोतलं टेबल तेच, त्यावरचा जळका डागही तोच. मी तक्रार केली. उत्तर आलं: ही जाहिरात आमच्या नियमांत बसते.