काका, बॉयलर आणि सदतीस दिवस

२०२२ च्या जुलैत आम्ही हे घर बघितलं. इंग्लंडात पारा पहिल्यांदाच चाळिशीपार गेला तो हाच महिना. अशा उकाड्यात हीटिंग चालू करून दाखवा म्हणायचं कुणाच्या डोक्यात येईल? आमच्याही आलं नाही. त्यात घरमालक मराठी निघाले, एवढ्यावरच आम्ही अर्धे पाघळलो. "मला काका म्हण रे," पहिल्याच भेटीत म्हणाले. बायकोला सूनबाई. भाडं महिना ११५० पौंड, डिपॉझिट दीड महिन्याचं, म्हणजे १७२५. पैसे त्यांच्या खात्यावर टाकले आणि पावती मागितली नाही. काकांकडे कसली पावती मागायची!

९ नोव्हेंबरला सकाळी नळाला गरम पाणी येईना आणि रेडिएटर थंडगार. घरातलं पाणी आणि रेडिएटर तापवणाऱ्या, स्वयंपाकघरातल्या गॅसच्या बॉयलरवर लाल दिवा लुकलुकत होता. प्रेशरचा काटा बघितला तर बरोबर दीडवर, म्हणजे पाणी कमी झाल्याचाही प्रश्न नाही. काकांना मेसेज टाकला. पाच मिनिटांत फोन. "अरे, बघतो मी. पार्ट मागवतो. तोवर एक हीटर घे बाबा, इथल्या थंडीची सवय व्हायला हवी तुम्हाला."

आता मागे वळून बघतो तेव्हा सगळ्यात जास्त ही गोष्ट खटकते. मी मेसेज टाकायचो आणि काका फोन करायचे. दर वेळी. लेखी उत्तर एकदाही नाही. फोनवर इतकं गोड बोलायचे, मुलीची चौकशी करायचे, की ठेवल्यावर वाटायचं, माणूस धडपडतोय बिचारा. पुढे काही विचारायचं तर मीही मग फोनच करायला लागलो. महिनाभरात एकोणीस फोन झाले आणि माझ्याकडे पुरावा म्हणून उरले ते फक्त सुरुवातीचे माझे मेसेज.

दोन आठवड्यांनी त्यांनी 'इंजिनीअर' पाठवला. त्याने बॉयलरचं झाकण काढलं, टॉर्च मारला, मान हलवली. सर्किट बोर्ड गेलाय म्हणाला, बोर्डाचे आणि तपासणीचे मिळून १८० पौंड, रोख. मी काकांना फोन लावला. "तू देऊन टाक, पुढच्या भाड्यातून वळते करून घे." मी दिले. इथं गॅसच्या उपकरणाला हात लावणाऱ्या माणसाची गॅस सेफ रजिस्टर या अधिकृत यादीत नोंद असावी लागते. त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि कोणकोणत्या कामाची त्याला परवानगी आहे ते मागच्या बाजूला छापलेलं असतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तो गृहस्थ पुन्हा दिसला नाही, बोर्डही नाही.

त्या दिवसांत घर कसं होतं ते सांगतो. पहाटे खिडक्यांच्या काचांवरून पाणी ओघळायचं. बायको जुन्या टॉवेलने ते पुसून बादलीत पिळायची, बादलीचा तळ झाकला जायचा. मुलीच्या खोलीत पलंगामागच्या भिंतीवर काळे ठिपके उमटले. दोन पंख्याचे हीटर आणले, दोन-दोन किलोवॉटचे. दिवसाला आठ तास चालले तर बत्तीस युनिट, आणि त्या हिवाळ्यात युनिट ३४ पेन्सच्या आसपास होतं. रोजचे जवळजवळ अकरा पौंड. सरकार वीजबिलात महिन्याला ६६-६७ पौंडांची सूट देत होतं, ती आमच्या घरात सहा दिवसांत संपायची.

१ डिसेंबरला भाडं भरताना मी १८० पौंड कापले. अर्ध्या तासात फोन, आणि या वेळी आवाजात काका कुठेच नव्हते. "करार वाच. कलम १४. बॉयलरची देखभाल भाडेकरूची. कुणी सांगितलं तुला कापायला?" मी करार काढला. कलम १४ होतं, माझी सही होती. पुढचं वाक्य त्यांनी सावकाश उच्चारलं: "मला कलम २१ ची नोटीस द्यायला दोन मिनिटं लागतात. दोन महिन्यांत घर रिकामं करावं लागेल." हे कलम करारातलं नव्हे, कायद्यातलं: कारण न सांगता घर खाली करून घ्यायची तेव्हाची नोटीस. मी त्याच रात्री १८० पौंड भरून टाकले. लाज वाटते सांगायला, पण भरले.

डोळे उघडले ते ऑफिसात. माझ्या बोटांना भेगा पडलेल्या बघून शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी विचारपूस केली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुझं डिपॉझिट कोणत्या स्कीममध्ये आहे?" मला प्रश्नच कळला नाही.

तर ऐका. इंग्लंडमध्ये नेहमीच्या खासगी भाडेकराराचं डिपॉझिट मालकाला स्वतःकडे नुसतं ठेवता येत नाही. मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला ते सरकारमान्य तीन स्कीमपैकी एकीत संरक्षित करावं लागतं आणि तसं भाडेकरूला लेखी कळवावं लागतं. तिन्हींच्या वेबसाइटवर आपलं नाव शोधता येतं. मी शोधलं, कुठेच नव्हतं. नियम मोडला तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एक ते तीन पट दंड करू शकतं. शिवाय २०१९ च्या टेनंट फीज ॲक्टनुसार आमच्यासारख्या भाड्याला डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापुरतंच घेता येतं, म्हणजे साधारण १३२६ पौंड. काकांनी सरळ चारशे जास्त घेतले होते. आणि गंमत म्हणजे डिपॉझिट असं बेवारस असताना कलम २१ ची नोटीस मुळात वैधच ठरत नव्हती. ज्या नोटिशीच्या धाकाने मी रात्रभर झोपलो नाही, ती त्यांना देताच येत नव्हती.

कलम १४ चं उत्तर तर त्याहून जुनं. लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्ट १९८५, कलम ११. सात वर्षांहून कमी मुदतीच्या भाडेकरारात खोल्या गरम करण्याची आणि पाणी तापवण्याची यंत्रणा चालू ठेवणं मालकाचं काम. करारात उलटं लिहून भाडेकरूची सही घेतली तरी करारातलं ते कलम टिकत नाही. मोडतोड आपण केली असेल तर गोष्ट वेगळी. फक्त बिघाड मालकाला कळवला पाहिजे, कारण घराच्या आतल्या बिघाडाची त्याची जबाबदारी कळवल्यावर सुरू होते. दुरुस्ती किती दिवसांत, हा आकडा खासगी भाड्यासाठी त्या कलमात नाही, 'वाजवी वेळ' एवढंच धरतात. पण काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, भाडेकरूंसाठी १९९४ च्या नियमांत ३१ ऑक्टोबर ते १ मे या काळात हीटिंग बंद पडलं तर कामाचा एक दिवस दिलेला आहे. आमचा तेव्हा अठ्ठाविसावा दिवस होता. (हे सगळं इंग्लंडचं. स्कॉटलंडचे कायदे निराळे आहेत.)

रागाच्या भरात मी भाडंच बंद करणार होतो. घराच्या प्रश्नांत मदत करणाऱ्या शेल्टर या संस्थेच्या हेल्पलाइनवर बोललो तेव्हा तिथल्या बाईंनी आधी तेच थांबवलं. भाडं थकवलं की मालकाच्या हातात आयतं कोलीत. तेव्हा दोन महिन्यांची थकबाकी झाली की घर खाली करून घ्यायला कोर्टाचा रस्ता त्याला मोकळा होता. भाडं वेळेवर भरा, तारीखवार ईमेल लिहा, आणि काउन्सिलच्या एन्व्हायर्नमेंटल हेल्थ विभागाला कळवा, असं त्यांनी सांगितलं. त्या रात्री मी काकांना आयुष्यातला पहिला ईमेल लिहिला. कधी बंद पडलं, कुणाला काय सांगितलं, किती पैसे दिले, भिंतीचे फोटो, खोलीत ठेवलेल्या थर्मामीटरचे फोटो. लगेच फोन वाजला. मी उचलला नाही. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात फोन वाजत होता आणि माझा हात दोनदा पुढे गेला.

११ डिसेंबरला रात्री बर्फ पडला. १४ तारखेला काउन्सिलचे अधिकारी आले. मुलीच्या खोलीत त्यांच्या यंत्राने ११ अंश दाखवले. घरात निदान १८ तरी असावेत, म्हणाले. अतिथंडी हा इथल्या गृहनिर्माण कायद्यात घराचा धोका म्हणून मोजला जातो आणि तो वरच्या वर्गातला ठरला तर काउन्सिलला कारवाई करावीच लागते. त्यांनी आमच्या समोरच काकांना फोन लावला. दोन दिवसांत, १६ डिसेंबरला, ओळखपत्र गळ्यात अडकवलेला इंजिनीअर दारात हजर. बोर्ड ठणठणीत होता. पंप अडकला होता. नवा पंप बसवून तासाभरात रेडिएटर कुरकुर करत तापायला लागले. जाताना त्याने झाकणाच्या आतलं स्टिकर दाखवलं: शेवटची तपासणी २०१९. गॅसची तपासणी दर वर्षी व्हावी लागते आणि तिचा दाखला नव्या भाडेकरूला राहायला येण्याआधी द्यावा लागतो. आमच्या घरात दोन वर्षांची मुलगी होती.

पुढे दाव्याआधीचं पत्र पाठवलं तेव्हा काका तडजोडीला आले. मार्चमध्ये घर सोडताना डिपॉझिट पूर्ण, वर तेवढीच रक्कम आणि ते १८० पौंड मिळाले. हीटरच्या बिलाचं काहीच नाही, मीही ताणलं नाही. दमलो होतो. २०२५ च्या रेंटर्स राइट्स ॲक्टने ते कलम २१ मोडीत काढलंय, १ मे २०२६ पासून; म्हणजे ती धमकी तरी आता जुनी झाली.

काकांचा दिवाळीला पणत्यांचा फॉरवर्ड अजून येतो. मागच्या ऑगस्टमध्ये पुण्याहून नव्याने येणाऱ्या एका मुलाने मला घराचे फोटो पाठवले, मराठी मालक आहेत, स्वभावाने फार चांगले वाटले, घ्यावं का? स्वयंपाकघरातली खिडकी मी लगेच ओळखली. त्याला फोन करणार होतो, मग थांबलो आणि सगळं लिहूनच पाठवलं. शेवटी टाकलं: ऑगस्ट असला तरी त्यांना हीटिंग चालू करायला सांग, वीस मिनिटं तिथंच थांब आणि प्रत्येक रेडिएटरला हात लावून बघ.